खान्देशात राहून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं एमटेक: थिसिसपासून उलटं मोजायचं

बीईचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. "मॅडम, एमटेकला कुठलं कॉलेज घेऊ?" मी उलट विचारते, "थिसिस कशावर करायचाय?" पलीकडे शांतता. मग हळूच, "ते दुसऱ्या वर्षाला असतं ना?"

असतं दुसऱ्याच वर्षाला. पण चार सेमिस्टरच्या या कोर्समधली शेवटची दोन जवळजवळ पूर्ण त्यातच जातात, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत काय किंवा पीएचडीच्या अर्जात काय, तुम्हाला विचारतात ते तेवढंच. पहिल्या वर्षाचे विषय घरी बसूनही शिकता येतात. त्यामुळे कॉलेज, गाइड, फॉर्म, पैसे या सगळ्यांचा विचार थिसिसकडून उलटा करत आणला तर बऱ्याच चुका टळतात. मी तो केला नव्हता, म्हणून मला चुका नीट माहीत आहेत.

मी चोपडा तालुक्यातली. बीई झाल्यावर तीन वर्षं पुण्यात नोकरी केली, मग ती सोडून गावाकडे आले आणि इथूनच एमटेक केलं. आता शिकवते. नोकरी सोडली म्हटल्यावर आजीने विचारलं होतं, "आखो दोन वरीस शिकीसन काय करशी?" फॉर्म भरण्याआधी याचं उत्तर स्वतःला द्या. पहिली पायरी हीच.

कशासाठी करताय ते आधी लिहून काढा

शिकवायचं असेल तर एमटेक लागतंच. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची संस्था. तिच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे इंजिनीअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला त्या शाखेचं बीई आणि एमई किंवा एमटेक हवं, आणि दोन्हींपैकी एकात तरी फर्स्ट क्लास हवा. पॉलिटेक्निकला लेक्चरर म्हणून फर्स्ट क्लासचं बीई पुरतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फक्त पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची इच्छा असेल तर दोन वर्षं थांबायचं कारण नाही. आता पगाराचं. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. विनाअनुदानित कॉलेजात हातात काय पडतं, ते तिथे शिकवणाऱ्या कुणाला तरी चहाला नेऊन विचारा. मी एका ठिकाणी पहिले चार महिने पगाराची वाट बघण्यात काढले. नाव सांगत नाही, पण अशी ठिकाणं कमी नाहीत.

संशोधनात जायचं असेल, मशीन लर्निंग किंवा सिस्टिम्समधलं खोल काम करायचं असेल, पीएचडीची तयारी करायची असेल, तर एमटेक घ्याच. नोकरीत आहात आणि फक्त पगारवाढ हवी आहे, तर आधी आपल्या कंपनीत एमटेकवाल्याला वेगळा पगार आहे का ते बघा. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत डिग्रीपेक्षा कामाची वर्षं मोजतात.

उरलं चौथं कारण. प्लेसमेंट झालं नाही, घरी बसायला लाज वाटते, म्हणून एमटेक. यात लाजण्यासारखं काही नाही, पण हे कारण आहे हे स्वतःपाशी कबूल करा. अशा मुलांनी पहिलं सेमिस्टर सुरू होताच प्रोग्रामिंगचा रोजचा सराव लावून घ्यावा, कारण दोन वर्षांनी तीच मुलाखत पुन्हा समोर येणार आहे.

एक इशारा इथेच देते. "घरबसल्या एमटेक, कॉलेजला यायची गरज नाही" अशा जाहिराती मोबाइलवर येतात. दूरशिक्षणातून घेतलेली इंजिनीअरिंगची डिग्री एआयसीटीई मानत नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी मान्यता असलेले वेगळे कोर्स असतात, त्यांचं मान्यतापत्र मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली की फोन ठेवून द्या.

गेट: द्यायचीच, एकदा तरी

गेट म्हणजे एमटेकची देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा. महाराष्ट्रात गेटशिवायही एमटेकला प्रवेश मिळतो. राज्याच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीत, गेटवाल्यांची यादी आधी लागते, त्यानंतर डिग्रीच्या मार्कांवर बाकीच्यांची. आपल्याकडच्या कॉलेजांत जागा कमी असूनही त्या भरत नाहीत, त्यामुळे गेटशिवाय सीट मिळणं अवघड नाही. तरीही गेट द्या, कारण स्टायपेंड गेटवर मिळतो. त्याचा हिशोब पुढे येतोच.

परीक्षा फेब्रुवारीत शनिवार-रविवारी असते. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतो, निकाल मार्चमध्ये. बेंगळुरूची आयआयएससी आणि सात जुन्या आयआयटी आलटून पालटून ती घेतात, त्यामुळे दरवर्षी वेबसाइटचा पत्ता बदलतो. गेल्या वर्षीच्या लिंकवर जाऊन "फॉर्म अजून निघालाच नाही" म्हणत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्न, १०० मार्क. त्यात १५ मार्क जनरल ॲप्टिट्यूडचे, आणि हे १५ सोडून देणं म्हणजे घरचं दूध सांडून शेजाऱ्याकडे मागायला जाणं. एका पर्यायाच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे: एक मार्काचा चुकला की एक तृतीयांश, दोन मार्कांचा चुकला की दोन तृतीयांश. आकडा टाइप करायच्या आणि अनेक पर्याय निवडायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, तिथे रिकामं ठेवू नका. स्कोअर ३ वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षात असतानाही परीक्षा देता येते. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला आहे. तो कॉम्प्युटर सायन्सच्या (सीएस) पेपरच्या जोडीने देता येतो.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच असते. युनिव्हर्सिटीच्या पेपरात विचारतात, "कॅश मेमरी म्हणजे काय ते आकृतीसह स्पष्ट करा." आपण दोन पानं लिहितो, सात मार्क घेतो. गेट विचारते: कॅश ३२ किलोबाइटची, ब्लॉक ६४ बाइटचा, ४-वे सेट असोसिएटिव्ह, पत्ता ३२ बिटांचा, टॅग किती बिटांचा? इथे लिहिण्यासारखं काही नसतं. ३२ किलोबाइटला ६४ ने भागा, ५१२ ब्लॉक. चार-चारचे सेट, म्हणजे १२८ सेट. १२८ साठी ७ बिट, ब्लॉकच्या आतल्या बाइटसाठी ६ बिट. ३२ मधून १३ गेले, टॅग १९ बिटांचा. दोन मिनिटांचं काम. पण कॅश पत्ता कसा शोधते ते डोळ्यांसमोर नसेल तर दोन पानं लिहिता येणारा माणूसही इथे अडतो. मी पहिल्या खेपेला अडलेच.

म्हणून तयारी मागच्या पेपरांवरून करा. ते अधिकृत वेबसाइटवर फुकट मिळतात. डिस्क्रीट मॅथ्स आणि डेटा स्ट्रक्चर आधी घ्या, कारण अल्गोरिदम, डेटाबेस, कंपायलर सगळे त्यांच्यावर उभे आहेत. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला आपल्याकडे मुलं घाबरतात. खरं तर तो आटोपशीर आणि मार्क देणारा विषय आहे. शिकवणीसाठी एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे फुकटचे, व्हिडिओ पुरेसे आहेत, क्लाससाठी पुण्यात खोली घ्यायची गरज मला कधी वाटली नाही. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचा माउसने दाबावा लागतो. तो घरी वापरून हात बसवा, नाहीतर वेळ तिथेच जातो. परीक्षेच्या शहरांचे पर्याय भरताना घरापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, सकाळच्या सत्राला वेळेत पोचवणारी गाडी आहे का ते बघा. शहाद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाने आदल्या रात्री मुक्कामाची सोय करावी हे उत्तम.

सीएसला खुल्या गटाचा पात्रता आकडा गेल्या काही वर्षांत १०० पैकी २५ ते ३३ च्या दरम्यान राहिला आहे. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा त्याहून कमी, एससी-एसटीचा आणखी कमी. नुसतं पात्र होणं आवाक्यातलं आहे. आयआयटीत जाण्याइतका स्कोअर ही मात्र वेगळी लढाई, तिला वर्षभराची शिस्त लागते.

तीन दरवाजे, तीन वेगळे फॉर्म

गेटचा निकाल लागला की काही जण निवांत होतात आणि मे महिन्यात दचकून उठतात. क्रम असा आहे.

आयआयटींचे अर्ज निकालाच्या सुमारास सुरू होतात. प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा भरायचा असतो. कोॲप नावाचं जे पोर्टल आहे त्यावर नाव नोंदवलं म्हणजे अर्ज झाला असं नाही. तिथे फक्त ऑफर दिसते आणि ती स्वीकारायची, थांबायचं की नाकारायची ते सांगायचं असतं. दरवर्षी कुणीतरी कोॲपवर नोंदणी करून आयआयटीच्या ऑफरची वाट बघत बसतं. अर्जच केलेला नसतो, तर ऑफर कुठून येणार? काही आयआयटींत संशोधन सहायक म्हणून तीन वर्षांचं एमटेक किंवा एमएस बाय रिसर्च असतं. तिथे गेटचा स्कोअर थोडा कमी असला तरी लेखी परीक्षा आणि मुलाखतीवर संधी मिळते. ज्यांना खरोखर संशोधन करायचं आहे त्यांनी हे अर्ज चुकवू नयेत.

एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या मदतीवरच्या इतर संस्थांसाठी सीसीएमटीची एकच प्रक्रिया आहे. एकदा नोंदणी, मग पसंतीक्रम. सीट मिळाल्यावर फ्रीझ, फ्लोट की स्लाइड हे निवडायचं: मिळाली तीच पक्की, आणखी वरच्या पसंतीची संस्था चालेल, किंवा संस्था तीच पण वरची शाखा हवी.

तिसरा दरवाजा राज्याचा, सीईटी सेलचा कॅप. मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी यांच्यापासून आपल्या जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांपर्यंतच्या जागा इथून भरतात. बीईला खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४५ टक्के लागतात. हा सगळ्यात उशिरा, पावसाळ्यात सुरू होतो. पसंतीक्रम भरताना "मिळेल असं वाटतं" म्हणून खालचं कॉलेज वर टाकू नका. हवं ते वर, त्याहून कमी हवं ते खाली. संगणक तुमच्या मनातली शंका वाचत नाही.

कागद

यात दोनच कागद रडवतात. जात वैधता प्रमाणपत्र, आणि नॉन-क्रिमी लेयर. वैधता बीईच्या वेळी झाली असेल तर प्रश्न नाही. नसेल, आणि विशेषतः तुम्ही नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी विद्यार्थी असाल, तर गेटचा फॉर्म भरता त्याच महिन्यात समितीकडे प्रकरण टाका. आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंदी, हे शोधायला वेळ लागतो आणि तो वेळ जुलैत मिळत नाही.

नॉन-क्रिमी लेयरमध्ये माझा स्वतःचा पोपट झाला. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, बीईच्या वेळचं, प्लास्टिक कव्हरमध्ये घातलेलं. कागद तपासणाऱ्या बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे कधीच संपलंय." ज्या वर्षी प्रवेश, त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध लागतं. तहसीलच्या रांगेत मी चार दिवस काढले, तोवर राउंड निघून गेला. एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात जाऊन नवं काढायला टाका, गर्दी नसते. नोकरी करून परत येणाऱ्यांनी गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि कंपनीचं रिलीव्हिंग लेटर बरोबर ठेवावं. बाकी यादी माहितीपुस्तिकेत असते, ती एकदा छापून भिंतीला चिकटवा.

कॉलेज बघायला जा, पण गाइड बघून या

आपल्याकडे पर्याय आहेत. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासूनचं. बांभोरीचं एसएसबीटी आणि धुळ्याचं एसएसव्हीपीएस ही १९८३ च्या पिढीतली. शिरपूरचं आर. सी. पटेल स्वायत्त झालेलं. एमटेक दरवर्षी सगळीकडे चालू असतंच असं नाही; कॉम्प्युटरचा पीजी कोर्स या वर्षीच्या कॅपच्या यादीत आहे का ते आधी तपासा. डिग्री कुणाची मिळणार तेही. इथल्या बऱ्याच इंजिनीअरिंग कॉलेजांची संलग्नता आता लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी आहे, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी नाही. घरच्यांना "विद्यापीठ तर बांभोरीजवळच आहे" असं वाटत असतं.

इमारत, प्रवेशद्वार, कारंजं, वायफायचा बोर्ड बघायला जायचं असेल तर जरूर जा. पण दुपारी लॅबमध्ये डोकावा. मागच्या तीन वर्षांचे एमटेकचे थिसिस लायब्ररीत असतात, ते मागा. उघडून फक्त दोन पानं बघा: प्रयोगाचं प्रकरण आणि संदर्भांची यादी. संदर्भ सगळे दहा वर्षांपूर्वीचे असतील, आणि आलेख इंटरनेटवरून उचललेले असतील, तर त्या गाइडकडे तुमचंही तेच होणार. उलट एखाद्या थिसिसमध्ये "हा प्रयोग फसला, कारण" असं एखादं पान सापडलं, तर त्या गाइडचं नाव वहीत लिहून घ्या. मग जाऊन भेटा. "सर, तुमच्याकडे सध्या कशावर काम चालू आहे?" एवढंच विचारा. ज्याच्याकडे काम चालू असतं तो माणूस दहा मिनिटं बोलायचा थांबत नाही. ज्याच्याकडे नसतं तो तुम्हाला ॲडमिशन काउंटरचा रस्ता दाखवतो.

घराजवळ शिकण्याचा फायदा आहे, तो कमी लेखू नका. पुण्यातल्या खोलीचं भाडं वाचतं, आणि दुसऱ्या वर्षी डोकं फिरतं तेव्हा भरीत-भाकरी करून घालणारं कुणी असतं. तोटाही आहे. घरच्यांच्या नजरेत तुम्ही दिवसभर घरीच असता. लग्नाच्या पत्रिका वाटायला, केळीची गाडी भरताना उभं राहायला, दवाखान्यात न्यायला, सगळ्याला तुम्हीच. मुलींना हे जास्त भोगावं लागतं. मी शेवटी जळगावात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. घर ५० किलोमीटरच्या आसपास असताना खोली कशाला, यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली.

पैसे

गेट पात्र असाल आणि एआयसीटीई मान्यता असलेल्या कोर्सला प्रवेश घेतला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, जास्तीत जास्त २४ महिने. गावाकडच्या खर्चात हे पैसे पुरतात. अट अशी की प्रवेश घेताना स्कोअर वैध हवा. बँक खातं साधं बचत खातं हवं, जोडखातं किंवा कमी व्यवहारांचं खातं चालत नाही, आणि आधारशी जोडलेलं हवं. कॉलेजने तुमची नोंद पोर्टलवर करायची असते आणि दर महिन्याची हजेरी त्यांनीच पाठवायची असते. इथे गाडी अडते. माझ्या वेळी ज्या क्लार्ककडे हे काम होतं त्यांची बदली झाली, आणि पहिला हप्ता यायला दिवाळी उलटून संक्रांत आली. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच "एआयसीटीईचं पोर्टल कोण बघतं?" हे विचारा आणि त्या टेबलाशी ओळख ठेवा. बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास बीईच्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यावं लागतं. ते मनापासून घ्या. पॉइंटर मला खऱ्या अर्थाने समजले ते दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवताना.

गेट नसेल तर महाडीबीटी पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलत बघा. उत्पन्नाची मर्यादा योजनेप्रमाणे बदलते. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून घाईने घेतलेल्या सीटला हे मिळत नाही, हे सही करण्याआधी लक्षात घ्या.

पहिलं वर्ष

ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम, मशीन लर्निंग, रिसर्च मेथडॉलॉजी, दोन-तीन इलेक्टिव्ह. पास व्हायला फारसं कठीण नाही. या वर्षात तीन सवयी लावा: आठवड्याला दोन शोधनिबंध पूर्ण वाचणं, रिपोर्ट वर्डऐवजी लेटेकमध्ये लिहिणं, आणि सगळा कोड गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय) ठेवणं. शेवटच्याचं महत्त्व मला एका मे महिन्यात कळलं. बाहेर ४५ अंश, घरात पंखा गरम हवा फेकतोय, मॉडेल सहा तास चालू, आणि लॅपटॉप तापून बंद पडला तो परत उघडलाच नाही. तेव्हापासून ट्रेनिंग कोलॅब नाहीतर कॅगलच्या फुकटच्या जीपीयूवर, आणि उन्हाळ्यात पहाटे.

थिसिस: घरचा डेटा

आता मूळ मुद्दा. पुण्या-बेंगळुरूच्या मुलांकडे मोठी लॅब आहे, तुमच्याकडे नाही. त्यांच्याकडे नसलेलं असं तुमच्याकडे काय आहे? अंगणाबाहेर केळी आहे, कापूस आहे, तापी-गिरणा आहेत, आणि अहिराणी आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच धरली आहे) ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, पण बोलून टाइप करायच्या सोयी तिला मराठीच समजतात. फोनसमोर "काय करी राह्यना भाऊ?" म्हणून बघा, काय उमटतं ते. त्या चुकांची नीट वर्गवारी केली तरी एका थिसिसची सुरुवात होते.

मी केळी घेतली. पानाचा फोटो बघून रोग ओळखायचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण करप्याने आणि हरण्याने माणूस रडायचा थांबला नाही. करपा बुरशीचा, आधी पिवळट बारीक रेघा, मग तपकिरी ठिपके, मधे राखाडी. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. पानावर पिवळे पट्टे, आणि झाड उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही. सुरुवातीला दोन्ही, शिवाय अन्नद्रव्याची कमतरता, फोटोत सारखीच दिसतात. म्हणूनच विषय चांगला होता.

रोज सकाळी वडिलांच्या आणि शेजारच्या शेतात जाऊन फोटो काढले. दुपारी जायचं नाही, कारण उन्हात केळीचं पान मधल्या शिरेवर मिटतं. जुने कपडे घालून जायचं, चिकाचे डाग निघत नाहीत. प्रत्येक पानाचे पाच-सहा फोटो, वेगवेगळ्या बाजूंनी. सगळे एका फोल्डरमध्ये टाकले, ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला, संगणकानेच फिरवून वाटले. मॉडेलची अचूकता नव्वदीच्या बरीच पुढे. मी घरी पेढे नेले.

गाइडनी आलेखाकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला: "या टेस्टमधल्या पानाचा सख्खा भाऊ ट्रेनिंगमध्ये नाही ना?"

होता. जवळजवळ प्रत्येकाचा होता. एकाच पानाचे चार फोटो शिकवायच्या ढिगात आणि पाचवा तपासायच्या ढिगात, म्हणजे मॉडेलने रोग ओळखला नव्हता, पान ओळखलं होतं. शिवाय निरोगी पानं बहुतेक आमच्याच शेतातली, तिथे चंदेरी मल्चिंग पेपर. रोगट पानं दुसऱ्या शेतातली, तिथे काळी माती. चंदेरी दिसलं की निरोगी, काळं दिसलं की आजारी, एवढंच ते शिकलं असणार. फोटो शेतानुसार वाटले, पूर्ण शेतं तपासायला बाजूला ठेवली, आणि अचूकता निम्म्याच्या आसपास आली. तीन महिने पाण्यात. पेढे मात्र लोकांनी खाल्ले होते.

तुम्ही पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा: तारीख, गाव, शेत, वाण ग्रँड नैन की श्रीमंती, कुठला फोन, किती वाजता. वाटणी नेहमी शेतानुसार करा. रोगाचं नाव स्वतः ठरवू नका. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, रावेर तालुक्यात पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या जाणकारांकडून निदान दोनशे फोटो तपासून घ्या. कमी पण खऱ्या फोटोंवरचं प्रामाणिक काम परीक्षकाला कळतं. पाण्याच्या, कापसाच्या किंवा बोलीच्या डेटालाही हाच नियम: ज्याला तपासायचं तो माणूस, ते धरण, ते गाव शिकवताना मॉडेलला दिसता कामा नये.

तयार थिसिस विकणारे शहरात भेटतील. "कोड, रिपोर्ट, पेपर, सगळं पॅकेज." घेऊ नका. नीतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी, व्हायवात "ही ओळ काढली तर काय होईल?" या प्रश्नाला पॅकेजमध्ये उत्तर येत नाही.

पेपर, तपासणी, व्हायवा

बहुतेक ठिकाणी सबमिशनआधी एक पेपर लागतो. दोन दिवसांत छापू, पैसे आज भरा, असं म्हणणारी जर्नल्स टाळा. मान्य जर्नल्सची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "आम्ही केअरमध्ये आहोत" या वाक्याला आता अर्थ उरलेला नाही. स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत जर्नलचं नाव स्वतः शोधा, किंवा बऱ्यापैकी आयईईई कॉन्फरन्समध्ये द्या. रिव्ह्यूमध्ये नापास झालात तरी मिळालेले शेरे गाइडच्या दहा मीटिंगांइतके कामाचे असतात.

साहित्यचोरीची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० ला सुधारून परत द्यावं लागतं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, त्यावर नोंदणी रद्द. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते म्हणून ती दुसऱ्याची वाक्यं उचलतात. तसं करू नका. आधी मराठीत स्वतःला समजावून लिहा, मग ते छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. छोट्या वाक्यांना कुणी मार्क कापत नाही.

व्हायवाला बाहेरचा परीक्षक येतो. डेमो इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका; व्हिडिओ करून पेनड्राइव्हमध्ये ठेवा, लाइट जाण्याचीही तयारी ठेवा. माझ्या व्हायवाच्या दिवशी लाइट गेलीच. मी छापलेले फोटो टेबलावर मांडले आणि परीक्षकांनाच विचारलं, यातला करपा कुठला? त्यांनी दोन चुकीचे उचलले आणि पुढची वीस मिनिटं गप्पा अगदी मुद्द्याच्या झाल्या.

झालं की सही झालेल्या मार्कलिस्ट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आणि परदेशी किंवा पीएचडीला जायचं असेल तर ट्रान्स्क्रिप्टच्या चार-पाच प्रती लगेच अर्ज करून घ्या. नाव आणि आईचं नाव तिथल्या तिथे वाचून बघा. माझ्या मार्कलिस्टवर आईचं नाव एका अक्षराने चुकलं होतं. मी ते घरी येऊन वाचलं, आणि दुरुस्तीसाठी रात्रीची रेल्वे धरून, पुढे एसटीने लोणेरे गाठावं लागलं.